तोकुजींच्या घरचा संगणक

निशिजिनच्या आमच्या विणकर गल्लीत पूर्वी किमोनोवरचे ओबी, म्हणजे कमरपट्टे, विणणारे अठरा माग चालत, आता माझा एकटीचाच चालतो. कोणता धागा कधी उचलायचा हे मागाला एक जुना संगणक सांगतो, आणि संगणकाला नक्षी कळते फ्लॉपीवरून.

"आई, फेकून दे तो डबा! नवा घे," टोकियोहून मुलगी फोनवर म्हणायची.

"नव्याचं या मागाशी जमत नाही गं. बनवणारी कंपनी कधीच बुडाली. आणि माग धडधाकट आहे, तो कशाला मोडू?"

मार्चमध्ये एका सकाळी डब्याने फ्लॉपी वाचणं सोडलं. तीन दिवसांनी दुरुस्तीवाले ओकुमुरासान आले. वय एकोणऐंशी. झाकण उघडून त्यांनी मान हलवली. "हा भाग आता कुणी बनवत नाही, फुमिएसान. बंद पडलेल्या घरांतले काढून काढून तुमचा चालवला. आता एकच उरलाय, तोकुजींकडे."

बायको गेल्यापासून नऊ वर्षं आमच्याच गल्लीतल्या तोकुजींचा माग बंद होता. मी मिठाईचा पुडा घेऊन गेले. मागावर धुळीचा थर होता, पण संगणक स्वच्छ पुसलेला, चालू.

"रोज सकाळी लावतो," ते म्हणाले. "यादीत शेवटची नक्षी सुमीने काढलेली. तिचा ओबी अर्धाच विणून झाला होता. तेवढं नाव वाचतो आणि बंद करतो."

माझी मागायची हिंमतच होईना. मी उठले.

दाराशी त्यांनीच विचारलं, "तुमचा माग ऐकू येत नाही. बिघडलाय?"

"हो."

ते परत संगणकापाशी गेले आणि बटणावर बोट ठेवून उभे राहिले. मग पडदा विझला. "न्या. तुमचाही बंद झाला तर या गल्लीत मी ऐकू काय?"

मी सुमीची फ्लॉपीही मागून घेतली. ओकुमुरासाननी माझा डबा जुळवून दिला, आणि बारा दिवसांत मी तिचा ओबी सुरुवातीपासून शेवटपर्यंत विणला. गवतावरून उडणारे चतुर, सगळे डावीकडे निघालेले.

तोकुजी पाहायला आले. कमरपट्ट्यावरून हात फिरवत शेवटच्या टोकाशी थांबले. तिथला एक चतुर उजवीकडे वळलेला होता.

"चूक झाली का माझी?" मी घाबरून विचारलं.

"नाही. तिनेच काढलाय. इथपर्यंत आमचं विणून झालंच नव्हतं, म्हणून मला माहीत नव्हतं."

त्यांनी ओबीची घडी केली, छातीशी धरली आणि चहाला न थांबता गेले. दोन पेले भरलेले होते. दोन्ही मीच संपवले.