देवीसाठी आणलेली बाटली

जर्मनीहून परतून तीन आठवडे झाले तरी विश्वासरावांची वाइन काही संपेना. देवासच्या कारखान्यात सगळ्यांना सांगून झालं, शेजारच्या तिवारीजींना सांगून झालं, दाढी करताना न्हाव्यालाही सांगून झालं. कारखान्यानं त्यांना मशीन पसंत करायला तिकडं पाठवलं होतं, आणि मशीनवाल्या कंपनीनं खूश होऊन नवराबायको दोघांना मोझेल नदीकाठच्या द्राक्षमळ्यांची पाच दिवसांची सहल घडवली होती. बरं, एकदा सांगावं, दोनदा सांगावं. छे! "वाइन पीत नसतात भिया, चाखतात," असं माळवी थाटात म्हणत ते चहाचा कपसुद्धा गोल फिरवायचे, त्यात नाक खुपसायचे आणि घोट तोंडात खुळखुळवायचे. तो आवाज कानावर आला की त्यांची बायको शशिकला उठून आत जायची.

आळीतल्या बायका म्हणायच्या, काय नशीब काढलंय बाईनं! नशीब कसलं डोंबलाचं. बसमध्ये बावीस माणसं, बहुतेक हॉलंड-बेल्जियमची, साठी उलटलेली. डोंगरउतारावर वेली, खाली नदी, घरांच्या खिडक्यांत फुलं. देखणं होतं, ते ती नाकारत नव्हती. पण मळ्यात उतरलं की तळघर आलं, तळघरात ओल आणि बुरशीचा वास, आणि मग ते चाखणं. घोट घ्यायचा, या गालातून त्या गालात घोळवायचा, चूळ भरल्यासारखा गुळगुळ आवाज करायचा आणि पचकन बादलीत थुंकायचं. बायासुद्धा! लिपस्टिक लावलेल्या, मोत्यांच्या माळा घातलेल्या बाया! एका सोनेरी दाताच्या म्हाताऱ्याला खोकला झाला होता. तो आधी खाकरायचा आणि मग थुंकायचा. दिवसाला चार मळे, चार बादल्या. शशिकला ते पाच दिवस सफरचंदांवर आणि पावावर जगली.

विश्वासराव मात्र थुंकत नसत. "तोंडात घेतलेलं थुंकायला ते काय काढा आहे? आपण मराठे," असं म्हणत सगळं गिळायचे. संध्याकाळी त्यांचे बूट शशिकलालाच काढावे लागत.

पहिल्याच दिवशी त्यांनी देवीसाठी एक बाटली घेतली. त्यांच्या घराण्याची कुळदेवी धारला, काका भैयासाहेबांकडे असे. नवरात्रातल्या अष्टमीला तिला दारूचा नैवेद्य दाखवायची रीत. दरवर्षी गंधवानी गावाकडून मोहाची दारू यायची. यंदा विश्वासरावांनी पत्र घालून कळवलं होतं, देवीला विलायती आणतो. भैयासाहेबांना मूलबाळ नव्हतं, आणि आपल्यामागं देवी कोणाच्या घरी द्यायची हे ते याच अष्टमीला ठरवणार होते. म्हणून एवढी भक्ती! आणि तीच देवीची बाटली चौथ्या संध्याकाळी या भक्तानं हॉटेलच्या खोलीत एकट्यानं रिचवली. "देवीला दुसरी घेऊ," म्हणाले. कुठली घेताय? उरलेले जर्मन मार्क टेपरेकॉर्डरवर उडाले होते.

शेवटच्या दिवशीचा शेवटचा मळा मोठा झोकदार होता. तिथं जमिनीवर बादली नव्हती. टेबलावर, पावाच्या टोपलीशेजारी, पांढऱ्याशुभ्र चिनी मातीचं झाकणाचं भांडं होतं, वर द्राक्षांची नक्षी. सगळे झाकण उचलून त्यातच थुंकत होते. विश्वासराव तेव्हा बाहेर वेलींपाशी फोटो काढून घेत होते. मंडळी तळघराकडे निघाली, शशिकलाही निघाली, पण नवरा दिसेना म्हणून चार पायऱ्यांवरून परत फिरली.

पाहते तो काय! विश्वासराव टेबलाशी उभे. पेला रिकामा करून मिशा पुसताहेत. "शशी, खरा माल इथं आहे बघ! आपल्याला चमचा-चमचा देतात आणि हा ठेवलाय झाकून." पिशवीत जपून ठेवलेली देवीची रिकामी बाटली त्यांनी काठोकाठ भरली होती आणि तळव्यानं बूच ठोकत होते. आता त्यांना तरी काय म्हणावं? आपल्याकडं पिकदाणी जिथं तिथं ठेवतात, पण जेवणाच्या टेबलावर, पावाला खेटून कोणी ठेवील? त्यांना ते वाढायचं भांडं वाटलं.

"अहो, त्यात सगळे थुंकलेत!" शशिकला ओरडली.

विश्वासराव पिवळे पडले. बाहेर धावले आणि बसच्या चाकाशी भडाभडा ओकले. नंतर तोंड धुऊन म्हणाले, "कोणाला बोलू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाटली देतो ओतून." तिनं खरं मानलं. नवरा दारुडा असेल, बढाईखोर असेल, पण इतका घाणेरडा नसेल असं तिला वाटलं होतं.

अष्टमीला दोघं सकाळच्या बसनं धारला गेली. नव्या वसाहतीतलं भैयासाहेबांचं घर माणसांनी भरलं होतं. देवीपुढं होम झाला, आरती झाली. आता नैवेद्य. आणि विश्वासरावांनी पिशवीतून ती बाटली काढली. तीच. सोनेरी लेबलाची, वरून मेणबत्तीचं मेण लावून बूच बंद केलेली.

शशिकलाला पहिल्यांदा वाटलं, धुऊन दुसरं काही भरलं असेल. मोहाची भरली असेल, सरबत भरलं असेल. पण बूच निघालं आणि आंबूस, कुजका वास खोलीभर पसरला. चुलतदीर प्रताप डोळे मिटून म्हणाला, "भिया, खुशबू तो देखो! याला म्हणतात विलायती." भैयासाहेबांनी बाटली उजेडात धरली. तळाशी चोथा हलत होता, पावाचा.

"हा गाळ कसला?"

"जुनी असल्याची खूण आहे, भैयासाहेब," विश्वासराव म्हणाले. डोळ्याचं पातं लवलं नाही मेल्याचं! हो, मेल्याचंच. तिच्या मनात त्या क्षणी हाच शब्द आला, आणि आला त्याचं तिला वाईटही वाटलं नाही. करून करून भागला आणि देवपूजेला लागला म्हणतात, तो हाच.

चांदीच्या वाटीत ते ओतलं गेलं. देवीला दाखवलं गेलं. शशिकलाच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. देवी दगडाची आहे, तिनं मनाला बजावलं, तिला काही पोचत नाही. नवऱ्याची अब्रू चारचौघांत कशाला काढू?

पण नैवेद्यानंतर तीर्थ असतं. आणि पहिलं तीर्थ राजाबाईंचं.

राजाबाई म्हणजे भैयासाहेबांची थोरली बहीण, ऐंशीच्या घरातली विधवा. सगळे त्यांना आत्यासाहेब म्हणत. घटस्थापनेपासून नुसत्या दुधावर राहायच्या आणि अष्टमीला या तीर्थाच्या एका पळीनं उपास सोडायच्या. त्यांना दारू चालायची, उष्टं चालायचं नाही. उभ्या जन्मात दुसऱ्यानं तोंड लावलेल्या पेल्यातून त्या पाणी प्यायल्या नव्हत्या. आणि शशिकलाचं पहिलं बाळंतपण अडलं, मूल गेलं, तेव्हा सासरचं दुसरं कोणी फिरकलं नसताना याच बाई तीन दिवस तिच्या उशाशी बसून तिला भात भरवत होत्या. आता त्यांनी तळवा पुढं केला, आणि भैयासाहेबांनी पळी भरली.

"थांबा!" शशिकला म्हणाली. "आत्यासाहेब, ते घेऊ नका. ते उष्टं आहे. तिकडं लोक तोंडातली वाइन ज्या भांड्यात थुंकतात, त्यातलं आहे ते. मी डोळ्यांनी पाहिलंय."

भैयासाहेबांची पळी तशीच राहिली. विश्वासराव हसले. काय तो हसण्यातला निर्ढावलेपणा!

"भैयासाहेब, माफ करा हिला. तिकडं थोडी चाखायला दिली होती, बाईमाणूस, सवय नाही. चढली आणि भलतंच काहीतरी डोक्यात बसलंय."

बायका कुजबुजल्या. म्हणजे ही पिते! प्रतापच्या बायकोनं आपल्या मुलीला तिच्याजवळून ओढून घेतलं. शशिकलाच्या कानशिलांत आग पेटली. पाच दिवस सफरचंदं खाऊन काढले, ते या बोलण्यासाठी?

"मग तुम्ही आधी प्या," ती म्हणाली. "देवीसमोर, पेलाभर. खोटं असेल तर तुम्हाला काय भीती?"

त्यांना ठाऊक होतं त्यात काय आहे. बसच्या चाकाशी ओकले होते ते काही उगाच नाही. तिला खात्री होती, हात थांबेल, मान खाली जाईल, आणि हे सगळं एकदाचं संपेल. ती तर मनातल्या मनात त्यांना माफसुद्धा करायला निघाली होती.

विश्वासरावांनी पेला घेतला. भरला. एकवार तिच्याकडं पाहिलं आणि घटाघटा पिऊन टाकला, चोथ्यासकट. घशाची घाटी वरखाली होताना तिनं पाहिली. मग त्यांनी मिशा पुसल्या आणि ओठ चाटले.

"अमृत," ते म्हणाले.

शी! माणूस इतका खाली जाऊ शकतो? देवीच्या मानासाठी वीस जणांची थुंकी, तीन आठवडे आंबलेली, हसत हसत?

"झालं समाधान, सूनबाई?" भैयासाहेबांनी पळी पुन्हा उचलली.

राजाबाईंनी मात्र तळवा मागं घेतला. त्या शशिकलाकडं पाहत होत्या. "पोरी, तू घेशील हे?"

"मरेन, पण घेणार नाही."

"मग मलाही नको. पाणी आण." शशिकलानं आणलेल्या तांब्यातलं पाणी त्यांनी तळव्यावर घेतलं आणि त्यावर उपास सोडला.

भैयासाहेबांना हे आवडलं नाही. बायकांच्या नादी लागून एवढ्या माणसांत आपला शब्द हलका होऊ देणारे ते नव्हते. प्यायला की नाही पुतण्या? मग संपलं! त्यांनी देवीपुढला नारळ उचलला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पुढल्या वर्षापासून देवी देवासला, विश्वासच्या घरी. या, दोघं पाटावर या. हा मान जोडप्याला देतात."

विश्वासराव लगबगीनं पाटावर बसले. शेजारचा पाट रिकामा होता. शशिकला जागची हलली नाही.

"सूनबाई, या. एकट्या पुरुषाला देता येत नाही."

"ठाऊक आहे मला," शशिकला म्हणाली. "मी त्यांच्या शेजारी बसणार नाही."

"आज?"

"कधीच."

भैयासाहेब हातातल्या नारळाकडं पाहत राहिले, मग हळूच तो त्यांनी देवीपुढं परत ठेवला. विश्वासराव अर्धवट उठले, तिच्या अगदी जवळ आले आणि अजिजीनं कुजबुजायला त्यांनी तोंड उघडलं. तो वास आला, आणि शशिकलानं नाकाला पदर लावला.