अकरा ओळींचं ठिगळ

मी ठिगळ बोलतंय. गोधडीवरचं नव्हे, विहिरीवरची मोटर चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमवरचं. अकरा ओळींचं माझं अंग.

सणसरच्या निकितानं मला लिहिलं. तो प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला. कुणीही वाचावा, फाटलं तिथं ठिगळ द्यावं. पण रीत अशी, की एकानं शिवलेलं दुसऱ्यानं ओढूनताणून बघायचं, मगच जोडायचं.

लाइट जाऊन आली की मोटर आपली आपण सुरू करायची, एवढंच माझं काम. निकितानं तेवढं तपासलं. हातानं बंद केलेल्या मोटरीचं मी काय करीन, ते बघायचं राहिलं.

तिनं मला इंदापूरच्या दादासोतात्यांकडे धाडलं. प्रोग्रॅम सांभाळायचे तेच. तात्यांनी एकच शब्द लिहिला : ‘बघितलं.’

“बघितलं म्हंजी तपासलं का गं?” तिच्या आईनं, विजयमालानं, विचारलं.

“आता तात्यांना परत काय इचारू? इस्वास न्हाय, असं वाटंल त्यास्नी.”

आणि तिनं मला जोडलं.

चौथ्या दिवशी भर दुपारी तिच्या चुलत्यांनी, म्हस्कूआबांनी, बटण दाबून मोटर बंद केली आणि खालच्या पंपाचा सैल झालेला पट्टा बसवायला ते विहिरीत उतरले. मधे लाइट गेली, ती त्यांना कळलीसुद्धा नाही. मग आली.

मी मोटर सुरू केली.

“कोण हाय रं वर?” आबा ओरडले. “बंद कर!”

विहिरीनं त्यांचीच हाक त्यांना परत दिली. वर कोणी नव्हतं. मी होतं.

दोन बोटं पट्ट्यात गेली.

तात्या भेटायला आले, तेव्हा निकितानं फोनवरचा तो शब्द त्यांच्यापुढं धरला.

“पोचलं म्हणून लिवलं हुतं, पोरी. तपासलं असं कुठं म्हणलो?”

“मला वाटलं, व्हय म्हणताय.”

आबांनी पट्टी बांधलेला हात पुढं केला. “घ्या, आता दोघंबी नीट बघा.”

बोटं गेली त्याच दिवशी निकितानं मला उसवलं होतं. सगळ्यांना कळवलंही. पण मधल्या चार दिवसांत सांगवीकडच्या काहींनी आपापल्या विहिरींवरच्या प्रोग्रॅममध्ये मला उतरवून घेतलं होतं. तिथं तिचा निरोप कुणी वाचलेला नाही. तिथं मी अजून जागं आहे.

विहिरीत उतरण्याआधी फ्यूज काढून खिशात घाला, बाबांनो. लाइट आली की मला कळतं. खाली कोण आहे, ते कळत नाही.