अकरा विकेट राखून

“काल आपण अकरा विकेट राखून जिंकलो,” वाल्मीकनं सांगितलं आणि तो जयसिंगच्या तोंडाकडं बघत राहिला.

जयसिंग पलंगावर उशीला टेकून बसला होता. उजवा हात बायकोनं मांडीवर ठेवून दिला होता, तो तसाच होता. त्यानं वाल्मीककडं पाहिलं, ओठ एका बाजूनं हलले आणि तो म्हणाला, “ओके.”

“दहा न्हाई म्हणतोय मी. अकरा.”

“ओके.”

विकेटा दहाच पडतात, त्यामुळं अकरा राखून जिंकणं ब्रह्मदेवालाही जमणार नाही, एवढं वाल्मीकलाही ठाऊक होतं. ते त्याला याच माणसानं शिकवलं होतं. त्यानं आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग “चल, येतो उद्या,” म्हणून तो उठला.

घोटावड्याहून पिरंगुटच्या कारखान्यात जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या मागच्या तिसऱ्या बाकावर, हे दोघं सत्तावीस वर्षं शेजारी शेजारी बसले. जयसिंग मूळ गावचा, चार पिढ्यांचा शेतकरी. थोडी जमीन विकून उरलेल्या जागेत त्यानं खोल्या बांधल्या होत्या, पण नोकरी सोडली नव्हती. वाल्मीक बीडकडून आलेला, त्याच्याच एका खोलीत राहायला लागला आणि तिथंच राहिला. वाल्मीक लेथवर पंपाचे भाग बनवायचा आणि जयसिंग ते तपासायचा. चांगल्या नगावर हिरवा ठिपका, म्हणजे ओके. परत दुरुस्त करायच्या नगावर पिवळा, म्हणजे रिवर्क. आणि पार वाया गेलेल्यावर लाल. एवढ्या वर्षांत मैत्रीखातर त्यानं वाल्मीकचा एकही पिवळा ठिपका हिरवा केला नाही.

बसमध्ये बोलायचा तो जयसिंग. आदल्या दिवशी टीव्हीवर जे काही पाहिलं असेल, त्याचा पंचनामा व्हायचा. तो काही मोठा शौकीन नव्हता. मॅच रंगात आली असली तरी म्हशीला वैरण टाकायची वेळ झाली की उठायचा. कुठल्या नटासाठी त्यानं कधी तिकिटाच्या रांगेत उभं राहून पाय दुखवून घेतले नाहीत. पण मत मात्र त्याला प्रत्येक गोष्टीवर असायचं.

“सिनेमा मध्यंतरापातुर ओके, फुडं रिवर्क,” तो सांगायचा. “हिरोला तीन गोळ्या लागल्या आन् गडी धा मिंटं बोलतोय. आपल्याला मधमाशी चावली तर आई आठवती.” मालिकांबद्दल त्याचं म्हणणं असं, की त्या घरात चार सुना आहेत, पण भांडी घासताना एकही दिसली नाही, तेव्हा खरकटं जातं कुठं ते आधी दाखवा. कबड्डीत रिव्ह्यू घेणं त्याला मुळीच पसंत नव्हतं. हात लागला की नाही, हे ज्याच्या अंगाला लागला त्याला माहीत असतं, आणि त्यानं आपण होऊन बाहेर जावं. पुतण्यानं पावलं मोजणारं घड्याळ दिलं, ते त्यानं दोनच दिवस बांधलं. “किती चाललो ते सांगतंय. कुटं चाललो, काय कामाला, ते इचार म्हणावं. ह्ये बी रिवर्क.”

ओके हा शब्द तो फार जपून वापरायचा. इतक्या वर्षांत त्यानं दोन सिनेमे, एक मालिका आणि बॅटरी काढता येणारा एक जुना मोबाइल, एवढंच पास केलं होतं.

वाल्मीक यातलं काहीही बघायचा नाही. टीव्ही लागला की त्याला झोप यायची, आणि त्याची मुलगी किमया त्यावरून त्याला लहानपणापासून चिडवायची. बायको गेल्यावर तर त्याच्या खोलीतला टीव्ही किमयापुरताच उरला. पण शंभर सिनेमांच्या गोष्टी त्याला तोंडपाठ होत्या. मॅच कशी झाली हे विचारलं तर तो जयसिंगच्याच शब्दांत सांगायचा, आणि लोकांना वाटायचं, याला क्रिकेटचं वेड आहे. त्याला वेड होतं ते बसमधल्या त्या वीस मिनिटांचं. बस कारखान्याच्या गेटातून आत वळली की त्याला दरवेळी वाटायचं, आणखी थोडा लांब असता कारखाना तर बरं झालं असतं.

जानेवारीत जयसिंगला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पौडरोडच्या दवाखान्यात अठरा दिवस काढून तो घरी आला तेव्हा त्याच्या तोंडात एकच शब्द उरला होता, ओके. पाणी हवंय का, ओके. दुखतंय का, ओके. ज्या शब्दासाठी तो जन्मभर कंजूषपणा करत आला, तोच नेमका मागं राहिला होता. त्याच्या बायकोनं, सुलक्षणावहिनींनी, त्याला स्वतःचं नाव विचारलं तेव्हाही तो ओकेच म्हणाला, आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

डॉक्टर म्हणाले होते, त्यांच्याशी बोलत राहा, त्यांना बोलायला लावा. वाल्मीकनं त्यातला दुसरा अर्धा भाग धरून ठेवला. बोलायला लावायचं कसं? जयसिंगला हमखास बोलतं करणारी या जगात एकच गोष्ट होती, ती म्हणजे दुसऱ्याची चूक.

कारखान्यात एक पद्धत होती. तपासणारा जागा आहे की नुसते ठिपके मारतोय, हे बघायला साहेब चांगल्या मालात मुद्दाम एखादा खराब नग मिसळायचे. जयसिंगच्या हातातून तसा नग कधीच सुटला नाही. उलट तो नग घेऊन तो साहेबांच्या टेबलापर्यंत जायचा आणि म्हणायचा, “साहेब, तुमचं कायतरी पडलं व्हतं आमच्याकडं.” वाल्मीकनं तेच करायचं ठरवलं. रोज पहिली पाळी सुटली की तो जयसिंगच्या पलंगाशेजारी बसायचा आणि चांगल्या बोलण्यात एक खराब नग मिसळायचा. कबड्डीत गोलकीपरनं झेल घेतला. मालिकेतल्या सासूनं काल स्वतः भांडी घासली. नवा मोबाइल आलाय, तो म्हणे पाण्यात बुडवला की चार्ज होतो. एक दिवस जयसिंग चिडेल आणि ‘रिवर्क’ म्हणेल, निदान त्यातला ‘रि’ तरी बाहेर पडेल, एवढ्या एका आशेवर त्यानं दोन महिने काढले. नग दिवसेंदिवस जास्तच खराब होत गेले आणि सगळे पास झाले.

त्या दिवशी अकरा विकेटा पास झाल्यावर तो चपला घालत होता, तेवढ्यात सुलक्षणावहिनी मागोमाग अंगणात आल्या.

“भावजी, येक बोलू का? राग नका मानू.”

“बोला की वैनी.”

“ह्यांना खोटं नका सांगत जाऊ.”

वाल्मीक चप्पल अर्धी घालून थांबला.

“समदं कळतंय त्यांना,” वहिनी खालच्या आवाजात म्हणाल्या. “टीवी नुसता बघत्यात आसं वाटतंय तुमाला. पर काल मॅच पैल्यापास्नं बघितली त्यांनी. तुमी सांगून गेलात ना की माझा हात धरत्यात. परवा तुमी त्या मालिकेचं उलटं सांगितलंत, तवा टीवीकडं हात करून करून दमलं. त्यांना न्हाई म्हणायचं आसतंय, आन् त्वांडातनं ओकेच निगतंय. मग रडत्यात. रोजच रडत्यात. तुमी गेल्यावर.”

“वैनी, मी तर... त्यानं चिडून बोलावं म्हणून...”

“म्हाईत हाय मला. पर त्यांना काय वाटतंय? त्यांना वाटतंय, वाल्मीक मला येडा समजायला लागला.”

आतून जयसिंगनं पलंगावर हात आपटल्याचा आवाज आला आणि वहिनी लगबगीनं आत गेल्या. खिडकीतून वाल्मीकला दिसलं. जयसिंग डावा पंजा बायकोपुढं धरत होता, मिटत होता, पुन्हा धरत होता. पाच आणि पाच. पाच आणि पाच. वहिनी म्हणत होत्या, “व्हय, धा. धाच आसत्यात. कळलं मला.”

वाल्मीक आपल्या खोलीत आला आणि दिवा न लावता बसून राहिला. माणूस दोन महिने जागाच होता. त्याच्या हातातला पिवळा रंग तेवढा कुणीतरी काढून घेतला होता, आणि आपण त्याच्यापुढं रोज खराब माल ओतत होतो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत वाल्मीकचे पुष्कळ नग परत आले होते, पण स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

चार दिवस तो तिकडं फिरकला नाही. मधलं अंगण ओलांडायचं तर वीस पावलं होती, पण पाय उचलत नव्हते. बसमध्ये शेजारी एक नवा मुलगा बसायचा, तो कानात बोंडं घालून डोळे मिटायचा. वाल्मीक खिडकीतून बाहेर बघत बसे आणि वीस मिनिटं काही केल्या संपत नसत.

रविवारी दुपारी मॅच होती. वाल्मीक तोंड धुऊन आला, त्यानं खुर्ची टीव्हीपासून हातभर अंतरावर ओढली आणि किमयाकडून एक वही-पेन मागून घेतलं.

“बाबा, बरं आहे ना सगळं?” किमया हिंजवडीत नोकरी करायची, त्यामुळं तिचं बोलणं शहरी झालं होतं. “तुम्ही आणि मॅच?”

“गप बस. बघू दे.”

पाचव्या ओव्हरला पापण्या जड व्हायला लागल्या तेव्हा तो उठून उभा राहिला. उरलेली मॅच त्यानं भिंतीला टेकून उभ्यानंच पाहिली. सगळं कळत होतं असं नाही. जे कळलं नाही तेही त्यानं जसं दिसलं तसं लिहून ठेवलं. पाच पानं भरली.

सोमवारी पाळी सुटल्यावर तो जयसिंगच्या दारात उभा राहिला. जयसिंगनं त्याला पाहिलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. वाल्मीक आत जाऊन रोजच्या जागी बसला.

“चुकलो मी,” तो म्हणाला. “तुला बोलता करायला निगालो व्हतो. मुद्दाम खराब नग टाकत व्हतो मी, सायेब टाकायचं तसं. तुला वळखू आलं आसंल पैल्याच दिवशी.”

जयसिंग हलला नाही.

“कालची मॅच बघितली मी. समदी. उभ्यानं. आता जे दिसलं त्येच सांगतो, कमी न्हाई आन् जास्ती न्हाई.”

त्यानं वही उघडली आणि पहिल्या चेंडूपासून सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदा तो सांगत होता आणि जयसिंग ऐकत होता. त्याला जयसिंगसारखं सांगता येत नव्हतं. तो मध्येच अडखळायचा, पान उलटून मागं जायचा, पुन्हा पुढं यायचा. तिसऱ्या ओव्हरपर्यंत जयसिंगची मान भिंतीकडून वळून छताकडं आली. सातव्या-आठव्या ओव्हरला तो वाल्मीककडं बघायला लागला. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

“अठराव्या ओवरला चेंडू उडाला. बॅटीची कड लागली आसंल. किपरच्या मागं गेला, आन् तितं येक जण व्हता, त्यानं पळत येऊन धरला.” वाल्मीकनं हातानं चादर सपाट केली, मधोमध एक चुणी पाडली. “ही पट्टी समज. ह्यो किपर. आन् त्यो गडी हितं व्हता बग.” त्यानं चादरीवर बोट टेकवलं. “त्या जागंला काय म्हणत्यात, जयसिंग? मुद्दाम इचारत न्हाई. मला खरंच म्हाईत न्हाई.”

जयसिंगनं बोटाकडं पाहिलं. त्यानं तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या, ओठ कशासाठी तरी जुळायला लागले.

“ओके.”

त्यानं जोरानं मान हलवली. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तेच निघालं. तिसऱ्या वेळेला त्याचे डोळे भरून आले. वहिनींनी पदर तोंडाला लावला. जाऊ दे, राहू दे, असं वाल्मीकच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यानं बोट हलवलं नाही.

मग जयसिंगचा डावा हात उचलला गेला आणि त्यानं वाल्मीकचं मनगट पकडलं. पकड अजून तीच होती, जड नग उचलणाऱ्या माणसाची. त्यानं वाल्मीकचं बोट चादरीवरून ओढत नेलं, डावीकडं, वीतभर मागं. जरा थांबून, एक डोळा बारीक करून पाहिलं. समाधान झालं नाही. आणखी दोन बोटं सरकवलं, आणि मगच मनगट सोडलं.

“ओके,” तो म्हणाला. या वेळी त्याला तेच म्हणायचं होतं.

“हितं व्हता व्हय,” वाल्मीक म्हणाला. त्याला पुढचं नीट दिसत नव्हतं, पण त्यानं वहीचं पान उलटलं आणि एकोणिसावी ओव्हर सांगायला घेतली.

त्या जागेला काय म्हणतात, ते गावातलं शाळकरी पोरगंही सांगू शकलं असतं. घरी किमया होती, खिशात मोबाइल होता. वाल्मीकनं ते कुणालाही विचारलं नाही.