खेमसिंगकाकांच्या शेतातला धूर

लोक शेतात जाळून टाकतात ती कपाशीची पराटी, म्हणजे वाळलेली झाडं, विकत घेऊन तिच्या जळणाच्या कांड्या बनवायचा माझा कारखाना दिग्रसजवळ आहे. यंदा कुठे तो नफ्यात आला होता. खेमसिंगकाकांनी त्यांची पराटी मलाच द्यायचं कबूल केलं होतं, आणि आज त्यांच्याच शेतातून धूर! माझं टाळकंच सरकलं. गाडी काढून थेट शेतात गेले आणि बांधावरूनच ओरडले, "काका, काहून पेटवली?"

पराटीचा ढीग जागेवरच होता. काका मजुरांसाठी कणकेचे जाड रोडगे भाजत होते.

"पराटी नाही वं पोरी, गोवऱ्या हायेत. अन् वरणाच्या चुलीत तुह्याच कांड्या. तुह्या काकीनं इकत आणल्या."

गिऱ्हाईक शोधत मी पार नागपूरपर्यंत वणवण केली होती. मटकन खाली बसले आणि रोडगा मागितला.