तेलाची परतवाट

म्हसावदच्या बसस्टँडमागे चुडामण मिस्तरीचं गॅरेज आहे, आणि गेल्या तीस वर्षांत तिथे मिस्तरीला शिकवायची कुणाची छाती झालेली नाही. डिझेल जीप रस्त्यावरून गेली तरी आत बसल्या बसल्या तो तिचं दुखणं सांगतो. त्यामुळे गुलाबसिंगच्या जुन्या जीपला टर्बो बसवायचं त्याच्या मनात आलं, तेव्हा कुणाला विचारावं हे काही त्याच्या मनात आलं नाही.

गुलाबसिंग ती जीप डोंगरातल्या आपल्या पाड्यावरून बाजाराला चालवायचा. परतताना घाटाच्या तिसऱ्या वळणावर तिचा दम संपायचा. मग कुणी न सांगता सगळे उतरायचे, गाठोडी आत ठेवून पायी चढायचे, आणि हलकी झालेली जीप माथ्यावर जाऊन त्यांची वाट बघायची. गुलाबसिंगची आई तुळशीबाई गुडघ्याने अधू, पण तीही काठी टेकत उतरायची. चारचौघं चालताना आपण बसून राहायचं, हे तिला पटत नसे. चुडामणने ते एकदा डोळ्यांनी पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "तुन्ही जीप भरेल चढाडी दिसू. कोनलेच उतरनं पडाव नही."

भरलेली जीप चढवून देईन, असं बोलून गेला आणि अडकला.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या वाया जाणाऱ्या गरम धुरावर फिरणारं एक चाक. त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, तर जोर जास्त. एवढं चुडामणला ठाऊक होतं. पण ती करंगळीएवढी दांडी मिनिटाला लाखभर फेरे घेते आणि फिरताना लोखंडाला शिवतसुद्धा नाही, केसाहून पातळ अशा तेलाच्या थरावर ती तरंगत असते, हे कळलं त्या दिवशी तो जेवायचा विसरला. तीस वर्षं त्याने तेल ओतलं होतं, सांडलं होतं, हाताला फासून पँटीला पुसलं होतं. त्या तेलात एवढी ताकद? गॅरेजात कुणी नाही असं बघून त्याने टर्बोला चक्क हात जोडले.

देवाला हात जोडले म्हणून नळी नीट बसते असं मात्र नाही. टर्बो बसवल्याच्या तिसऱ्याच दिवशी जीप निळा धूर ओकायला लागली. तेल गळून जळत होतं. 'तेल जास्त येतंय,' असा चुडामणने निकाल दिला आणि टर्बोला तेल देणाऱ्या नळीत सुईच्या भोकाची चकती बसवली. धूर कमी झाला, मिस्तरीची मान ताठ झाली, आणि दुसऱ्याच खेपेला घाटात टर्बो किंचाळून बंद पडला. उघडून बघतो तर दांडी निळीकाळी झालेली. तेलावाचून जळाली होती. आपण तिला उपाशी मारलं, हे त्याला फार लागलं.

दुसरा टर्बो सुरतच्या भंगार बाजारात महिनाभर शोधून मिळाला. तिसरा मिळायची आशा नव्हती, आणि जीप आणखी किती दिवस उभी ठेवायची? हाही जळाला तर दिलेला शब्द गेला, आणि तुळशीबाईचं चढणं काही चुकत नव्हतं. या वेळी त्याने भोक मोठं ठेवलं. पुन्हा धूर, आधीपेक्षा दुप्पट. कमी द्यावं तर जळतो, पुरेसं द्यावं तर धूर ओकतो. शेवटी वैतागून त्याने पुन्हा बारीक चकती हातात घेतली.

गुलाबसिंग उकिडवा बसून केव्हाचा जीपखाली बघत होता. घरी तो पावरी बोलायचा, बाजारात अहिराणी.

"भाऊ, तेल आत कोन लोटस?"

"पंप."

"नी भायेर कोन काढस?"

चुडामणने चकती खाली ठेवली आणि टर्बोतून तेल परत नेणाऱ्या नळीकडे बोट केलं.

"आमना पाट फुगना ते आमी वरनं पानी तोडतस नही," गुलाबसिंग म्हणाला. "खाले जाईसन देखतस, कोठे अटकनं. हाई नळी ते वर चढी ऱ्हायनी. तेल कसं चढी?"

चुडामण सपाटीवरचा माणूस. त्याच्या शेतात पाणी म्हणजे मोटर. बटण दाबलं की पाणी बांध चढतं, रस्ता ओलांडतं, म्हणाल तिकडे जातं. त्याच सवयीने त्याने परतीची नळी टाकली होती. बारीक, आधी ब्रॅकेटवरून वर उचललेली, मग खाली वळवून इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरात बुडवलेली. गुलाबसिंगच्या पाड्यावर मोटर नव्हती. नाल्याचं पाणी डोंगराच्या कडेने पाट काढून शेतात आणायचं, नुसत्या उतारावर, आणि तो पाट राखायची पाळी त्याच्या घराकडे असायची.

चुडामण जीपखाली आडवा झाला आणि बराच वेळ वर बघत राहिला. पंपाचा जोर दांडीपाशीच संपत होता. तिला तरंगवून तेल बाहेर पडायचं ते फेसाळलेलं, जोर गेलेलं, आणि पुढे त्याच्याजवळ उरायचं फक्त स्वतःचं वजन. नळी चढायला ते पुरत नव्हतं, म्हणून तेल टर्बोतच तुंबून गळत होतं आणि जळत होतं. लाख फेऱ्यांचं ते यंत्र, आणि त्याचं जगणं शेवटी साध्या उतारावर, डोंगरातल्या पाण्यासारखं. त्याला लाज वाटली, पण त्याहून जास्त आश्चर्य वाटलं.

"मी खालेच देखं नही," तो म्हणाला. एवढं कबूल करायलाही त्याला तीस वर्षं लागली.

त्याने चेंबर उतरवला, तेलाच्या पातळीच्या वर नवं भोक पाडलं, अंगठ्याएवढी रुंद नळी सरळ खाली सोडली. उतार गुलाबसिंगने डोळ्याने जोखला. सुईच्या भोकाची चकती चुडामणने फेकून दिली.

बाजाराच्या दिवशी चौदा माणसं भरून जीप घाटाला लागली. चुडामण पुढे बसून आरशात धूर शोधत होता. तिसरं वळण आलं तशी मागे चुळबुळ सुरू झाली. लोकांनी गाठोडी बाजूला सारली, तुळशीबाईने काठी हातात घेतली आणि एक पाय खाली सोडायला पुढे केला. जीप थांबली नाही. बारीक शीळ घालत ती वळण चढून गेली. तुळशीबाईचा पाय तसाच पुढे होता. माथा आला तेव्हा तिने तो हळूच आत घेतला. आरशात मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता.

माथ्यावर जीप थांबवून गुलाबसिंगने चावीला हात घातला. चुडामणने तो धरला.

"बंद नको करू. दांडी आजून फिरी ऱ्हायनी. तिले तेल जोयजे. दोन मिनिटं."

गुलाबसिंगने आईला ते पावरीत सांगितलं. तुळशीबाई खाली उतरली, बॉनेटवर तळहात ठेवून क्षणभर उभी राहिली आणि पावरीतच काही बोलून शेजारच्या दगडावर बसली.

"काय म्हनी?" चुडामणने विचारलं.

"म्हनी, इतला वरीस हिनी आमनी वाट देखी. आते आमी देखतस."

मग सगळेच उतरले. चौदा माणसं, त्यांतलं एकही न दमलेलं, जीपभोवती बसून तिचा दम खाली बसायची वाट बघत राहिली.