तिहेरी घडी

…आणि टॉवेलची कड आतल्या बाजूला होती. पलंगाच्या पायथ्याशी निळा टॉवेल, तिहेरी घडीचा, वरून हात फिरवून सपाट केलेला. ती दारातच थबकली. तिची स्वतःची घडी दुहेरी, तीही वाकडी, त्यावरून थोरल्या बहिणीची बोलणी लहानपणापासून खाल्लेली — "तुझ्या घडीपेक्षा बोळा बरा गं, निदान तो बोळा असल्याचं कबूल तरी करतो." अशी तिहेरी घडी ताईची, आणि ताईला वारून हिवाळा उलटला होता. घरात आता ती आणि बाबा. आणि बाबांची नजर तर ताईच्याही आधी गेलेली.

"बाबा, टॉवेलची घडी कुणी घातली?"

"ताई घालून गेली," बाबा चहा फुंकत म्हणाले.

"बाबा, ताई…"

"गेली. माहीत आहे मला. आंधळा झालोय, खुळा नाही. घड्या घालून गेली, एवढंच म्हणतोय."

दूधवाला येऊन गेला म्हणावं, तितक्या साध्या आवाजात.

ती काम करायची त्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत त्या दिवशी तिच्या वाट्याला 'फोल्ड' आला होता. सोपा वाटला होता तिला — दुमडणे, घडी घालणे. मग 'टूफोल्ड-थ्रीफोल्ड'मध्ये आकड्यांना चिकटणारा, आपल्या दुप्पट-तिप्पटीतल्या पटासारखा, तोही त्याच मुळाचा. मेंढ्यांचा वाडा म्हणजेही फोल्डच, पण त्याचं मूळ निराळं. झिजत झिजत नुसता उच्चार सारखा झालेला… जशी कापडाची घडी आणि 'घडीभर बसा' मधली घडी. डोळ्यांवर बांधायच्या पट्टीचा 'ब्लाइंडफोल्ड' तिने बिनदिक्कत घडीखाली टाकला, आणि संपादकबाईंनी पेन्सिलीने तो बाहेर काढला.

"हा या घरातला नाही. मूळ शब्द वेगळाच होता. तडाखा देऊन आंधळं करणं, असा काहीसा अर्थ. पण पट्टी कापडाची, कापडाला घडी, लोकांच्या कानाला फोल्ड ओळखीचा… बसला येऊन जुन्याच्या जागी."

"आणि जुना?"

"जुन्याचं काय? कुणाच्या लक्षातही आलं नाही," बाई म्हणाल्या आणि डबा उघडायला लागल्या.

दुपारभर तिला ते वाक्य सुटलं नाही. असं कसं लक्षात येत नाही? एखाद्या सकाळी तरी कुणाला, तो शब्द उच्चारताना, तोंडात काहीतरी परकं आल्यासारखं…

संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढून ती बाबांसमोर बसली. एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा होता. पंचा दुमडून तिने त्यांच्या हातात दिला. त्यांनी कडांवरून बोटं फिरवली.

"ही तुझी. कोपरे भांडल्यासारखे."

तिला हसू फुटलं. मग बाबांनी कचेरीचं विचारलं, ती सांगू लागली — मेंढ्यांचा वाडा, पट्टी, बाईंची पेन्सिल — आणि हात आपले चालत राहिले. बाबांनी ढिगावर तळवा टेकला आणि मान डोलावली.

"आली बघ."

तिने खाली पाहिलं. उशीचा अभ्रा. तिहेरी, कड आत.

"बाबा, हे मीच केलंय!"

"मग मी कुठे नाही म्हणतोय?"

ती कपडे घेऊन आतल्या खोलीत गेली. ताई येत असती तर बरं झालं असतं, दार तरी लावून घेता आलं असतं. एखाद्या दिवशी धीर करून तिच्याशी बोलता आलं असतं. पण इथे कुणी येतच नव्हतं. तिने सदरा उचलला — आपण आधी बाही आत घेतो की खांदा? डावा हात पुढे जातो की…? हात अधांतरी थांबले. आठवेना.

"कोण आहे गं आत?" बाहेरून बाबा.

"मी."

आवाज शांत, समजुतीचा, थोरलेपणाचा. बाबांचं समाधान झालं. खुर्ची करकरली, रेडिओ लागला. सदरा छातीशी धरून ती उभी राहिली, आणि तिला फार वाटू लागलं की त्यांनी आणखी एकदा विचारावं… मी म्हणजे कोण?