तुस्कानो सरांनी वाचलेला लूप

गोखिवऱ्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, वरच्या मजल्यावरच्या गाळ्यात बसून ॲन्सेल्म तुस्कानोने आयुष्याची वीसेक वर्षं एका प्रोग्रामवर घालवली होती. पत्र्याच्या एका शीटमधून जास्तीत जास्त तुकडे कसे काढायचे, कुठला तुकडा किती फिरवून बसवायचा, हे तो प्रोग्राम ठरवायचा आणि लेसर मशीनला कळवायचा. वालीवच्या बऱ्याच वर्कशॉपांत तो चालायचा. कंपनी ॲन्सेल्मच्या कॉलेजातल्या मित्राची, शत्रुघ्न राऊतची. प्रोग्राम मात्र सगळा ॲन्सेल्मचा, आणि तो लिहिलेला लिस्प नावाच्या, कंसांनी भरलेल्या भाषेत, जी आसपास दुसऱ्या कोणालाच येत नव्हती.

सुरुवातीला त्याला याचा अभिमान वाटायचा. पुढे तेच अंगावर यायला लागलं. एखादं फंक्शन, म्हणजे प्रोग्राममधला एका कामापुरता भाग, मनासारखं जमलं की तो खुर्ची मागे सारून कौतुकाने बघत राहायचा, आणि दाखवायचं म्हटलं तर समोर फक्त अकाउंटंट असायचा. घरी, गासला, बायको म्हणायची की जेवताना तरी ते कंस बाहेर ठेवून येत जा.

म्हणून सलोनी इंटरव्ह्यूला आली तो दिवस त्याला सणासारखा गेला. ती विरारची, मनवेलपाड्यात आईबरोबर राहणारी, तिशीही न गाठलेली. लिस्प ती कोणी न सांगता, हौसेने शिकली होती. इंटरव्ह्यू सकाळी सुरू झाला तो जेवणाची सुट्टी उलटून गेली तरी संपेना. शेवटी शत्रुघ्नने दार उघडून विचारलं, हिला घ्यायचंय की नुसत्या गप्पा मारायच्यात.

भांडण पहिल्याच महिन्यात लागलं, आणि ते लूपवरून. यादीतल्या प्रत्येक तुकड्यावर तेच काम करायचं असेल तर ॲन्सेल्मची रीत ठरलेली. पहिला तुकडा घ्यायचा, त्याचं काम उरकायचं, आणि उरलेली यादी पुन्हा त्याच फंक्शनच्या हवाली करायची. फंक्शन स्वतःलाच हाका मारत शेवटापर्यंत जातं. याला रिकर्शन म्हणतात, आणि लिस्प म्हणजेच रिकर्शन, असं त्याचं मत. सलोनी सरळ लूप लिहायची. प्रत्येक तुकडा घे, हे कर, गोळा करून दे. वाक्यासारखं वाचता येतं, ती म्हणायची. त्यावर ॲन्सेल्म म्हणायचा की वाक्यंच लिहायची तर लिस्प कशाला, निबंध लिही.

तेव्हा त्यात मजा होती. चहा थंड होईपर्यंत दोघं फळ्यावर खरडत बसायची. मग ती त्याची जुनी फंक्शनं लूपमध्ये बदलू लागली. तो ती गुपचूप पूर्ववत करू लागला. ती पुन्हा बदलायची. चहा आपापल्या टेबलावर यायला लागला. शत्रुघ्नने वैतागून नियम केला की एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचून मंजूर केल्याशिवाय गिऱ्हाइकाकडे जायचं नाही.

त्यातच एका मोठ्या ऑर्डरला प्रोग्राम मध्येच बंद पडला. यादी इतकी लांब होती की ॲन्सेल्मचं फंक्शन स्वतःला हाका मारत मारत खोल गेलं आणि कॉम्प्युटरच्या मेमरीतली जागाच संपली. सलोनीने दुपारपर्यंत त्या जागी लूप बसवला आणि काम सुरळीत झालं. शत्रुघ्न शाबासकी द्यायला आला तेव्हा ती सहज बोलून गेली, "सरांचं लिहिणं सुंदरच असतं. पण ते म्युझियममध्ये ठेवण्यासारखं."

शत्रुघ्न मोठ्याने हसला. सलोनीचं बोलणं ॲन्सेल्म विसरलाही असता. ते हसणं मात्र त्याच्या मनातून जाईना.

त्यानंतर काही दिवसांनी तिने तुकडे फिरवण्याचा भाग नव्याने लिहिला आणि त्याच्याकडे वाचायला पाठवला. ॲन्सेल्मला चूक पहिल्याच वाचनात दिसली. प्रत्येक तुकडा त्याच्या कोनात फिरवायचं काम ती लगेच करत नव्हती, नंतर करायचं म्हणून बाजूला ठेवत होती. पण तिच्या लूपमध्ये कोन ठेवायची डबी एकच होती. दर फेरीला त्या डबीतला आकडा बदलायचा, आणि मागे ठेवलेली सगळी कामं शेवटी त्याच डबीत बघणार होती. म्हणजे प्रत्येक तुकडा शेवटच्या तुकड्याच्या कोनात फिरणार. रिकर्शनमध्ये हे झालंच नसतं, तिथे दर हाकेला नवी डबी मिळते. तिने तपासायला जे तुकडे घेतले होते ते सगळे सरळ बसणारे होते, म्हणून तिला कळलं नव्हतं.

सलोनी समोरच बसली होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. ॲन्सेल्मने तो भाग पुन्हा वाचला, मग मंजूर करून टाकला आणि हात धुऊन डबा खायला बसला. गिऱ्हाइकाकडे पहिल्याच शीटला कळेल, फार तर एक पत्रा भंगारात जाईल, आणि लूप म्हणजे काय ते हिला समजेल, असं त्याने मनाशी धरलं होतं.

पण विजेचे पॅनल बॉक्स बनवणाऱ्या त्या गिऱ्हाइकाने, आजवर प्रोग्राम कधी चुकला नाही या भरवशावर, स्टेनलेस स्टीलच्या शीटांची अख्खी थप्पी मशीनवर लावून दिली. तुकडे एकमेकांवर चढले. कापलेला एक तुकडा उभा राहिला आणि लेसरचं हेड त्यावर आपटून मोडलं. माणसाला इजा झाली नाही एवढंच. संध्याकाळी तो मालक शत्रुघ्नच्या केबिनमध्ये येऊन जे बोलला ते जिन्यापर्यंत ऐकू येत होतं.

तो गेल्यावर शत्रुघ्नने दोघांना बोलावलं. सलोनीने आपण लिहिल्याचं लगेच कबूल केलं. मग त्याने ॲन्सेल्मकडे वळून विचारलं, "तू वाचलं होतंस ना?"

"वाचलं होतं," ॲन्सेल्म म्हणाला. "माझ्या लक्षात आलं नाही."

सलोनीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. जो माणूस चुकीच्या ओळीवर पडलेल्या कंसासाठी दोन दिवस अबोला धरतो, त्याच्या हे लक्षात आलं नाही? महिनाअखेरीला ती नोकरी सोडून गेली.

शत्रुघ्नला आता धडकी भरली होती. एक गेली, उद्या ॲन्सेल्मला काही झालं तर हे वाचणार कोण? त्याने सगळा प्रोग्राम दुसऱ्या, चारचौघांना येणाऱ्या भाषेत लिहून घ्यायचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं. जुनं काय आहे ते त्यांना समजावून देणं एवढंच ॲन्सेल्मकडे उरलं. वीस वर्षांचं काम स्वतःच्या हाताने मोडायला द्यायचं, आणि वर वेळेवर द्यायचं.

एका रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर तो घरी न जाता स्कूटर घेऊन विरारला गेला. सलोनी खाली आली, पण वर चला म्हणाली नाही. बिल्डिंगच्या गेटपाशी, पार्किंगच्या सावलीत दोघं उभी राहिली. त्याने तिच्या नव्या नोकरीची चौकशी केली, तिने त्याच्या बायकोची. मग तो कसंबसं म्हणाला, "सलोनी, त्या दिवशी मला ते..."

"दिसलं होतं," ती म्हणाली. "मला माहीत आहे, सर. केबिनमध्येच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? चूक माझीच होती. बाकी कोणी असतं तर मी स्वतः अजून चार वेळा तपासलं असतं. तुमच्याकडे जातंय म्हणून तपासलं नाही."

तिकडे लिस्प लिहितेस का, एवढंच त्याने विचारलं. तिने मान हलवली. तिकडे नाही, घरीही नाही, तो नाद सुटला. आई वरून हाक मारतेय असं सांगून ती गेली. ॲन्सेल्मला हाक काही ऐकू आली नव्हती.

सोमवारपासून बाहेरच्या कंपनीच्या लोकांशी व्हिडिओ कॉल सुरू झाले. मुलं हुशार होती, अदबीने बोलायची. कशाला काय म्हणतात एवढंच विचारायची, असं का लिहिलं हे कधी नाही. एका कॉलवर त्यातल्या एकाने स्क्रीनवर दोन फंक्शनं शेजारी शेजारी उघडली. एक रिकर्शनचं, एक लूपचं. काम तेच, पण इतक्या वेळा बदललेलं आणि परत बदललेलं की त्याला उलगडा होत नव्हता.

"सर, इथे दोन पद्धती दिसतात. यातली कुठली धरून पुढे जायचं?"

ॲन्सेल्मने दोन्ही सावकाश वाचली. सलोनीचं नीट होतं. त्याचंही नीट होतं.

"कुठलीही धरा," तो म्हणाला.